हिरवं फाटक आणि बळवंतची लाळ

२ सप्टेंबर, सकाळ

नवी वही काढली. संकल्प: रोज लिहायचं, मुद्द्याचं लिहायचं, कुणाला नावं ठेवायची नाहीत.

शेजारच्या लीलाताई सकाळीच गणपतीच्या चकल्या घेऊन आल्या. बाईला अक्कल नाही. (संकल्प उद्यापासून.) माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात लाळ नाही हे अख्ख्या जयेंद्रगंज मोहल्ल्याला माहीत आहे. बळवंतला घशाचा कॅन्सर झाला, रेडिएशनचे शेक दिले, कॅन्सर गेला. जाताना लाळ घेऊन गेला. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. तेव्हापासून पाण्याची बाटली गळ्यात अडकवून हिंडतो, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं हिंडतात तशी. खाणं म्हणजे लापशी, पेज, पातळ वरण.

आणि हा शहाणा, पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून चकलीचा तुकडा तोंडात टाकून बसला. गिळता येईना, थुंकता येईना. मान हलवत राहिला. लीलाताई म्हणाल्या, बघा, किती आवडली त्यांना!

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. आयुष्यभर कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं, व्हाइस प्रिन्सिपल होऊन रिटायर झाले, आणि आज फुलं घेऊन आली एक मुलगी. शरयू सुर्वे. नववीत फार बडबडायची म्हणून मी तिला कितीतरी दिवस वर्गाच्या दाराशी उभी केली होती. आज ती डॉक्टर आहे ती त्यामुळेच. तिला तसं सांगितलं. हसली. कृतज्ञता.

कंपू भागातल्या एका खाजगी संशोधन संस्थेत असते. बळवंत दर वाक्याला बाटली तोंडाला लावतो ते तिनं पाहिलं आणि विचारलं, काका, रेडिएशन के बाद से? मग जे सांगितलं ते ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला.

तिचं काम नेमकं लाळेच्या ग्रंथींवर आहे. मला समजलं ते असं: शेक बसलेल्या ग्रंथीतल्या पेशींना पाणी बाहेर सोडता येत नाही. पाण्याची वाट बनवायची कृती एका जीनमध्ये असते. तो जीन अतिसूक्ष्म बुडबुड्यांबरोबर गालाच्या आतून ग्रंथीत सोडायचा आणि बाहेरून गालावर सोनोग्राफीचं यंत्र धरायचं. आवाजाच्या लाटांनी बुडबुडे फुटतात, पेशीच्या भिंतीला घटकाभर भोक पडतं, जीन आत शिरतो, भोक बुजतं. मग पेशी पाणी सोडायला लागते. कापाकापी नाही.

शरयू म्हणाली, पण मॅडम, अभी तो सिर्फ डुकरांवर चालू आहे.

मी म्हटलं, मराठी पूर्ण बोल.

बळवंत म्हणाला, तिघरा धरणाचं पाणी आपल्या नळाला एक दिवसाआड येतं. माझ्या तोंडात तेवढं आलं तरी चालेल.

लक्ष्य ठरलं. डिसेंबरअखेर शहराचा मोठा मेळा लागतो, महिनाभर चालतो. मेळ्यातला तो ताटाएवढा पापड बळवंत यंदा खाईल. लिहून ठेवते.

१२ सप्टेंबर

कंपूला संस्थेत गेले. दारावर दौलतसिंह नावाचा मिशाळ गार्ड. मला माताजी म्हणाला. मी अविवाहित आहे. मी त्याला इंग्रजीत समज दिली. तो म्हणाला, जी माताजी.

खूप वेळ बसवून ठेवल्यावर शरयू खाली आली. माणसांवर प्रयोग करायला दिल्लीची परवानगी लागते. त्याआधी डुकरांचे निकाल लागतात. म्हणजे माझा सख्खा भाऊ, ज्याच्या पणजोबांना दरबारात बसायला गादी होती, तो रांगेत डुकरांच्या मागे.

आणखी एक भानगड. एक जानेवारीला ही संस्था भोपाळच्या एका मोठ्या संस्थेत विलीन होणार. डिसेंबरच्या मध्यावर तिकडची माणसं पाहणीला येतील. जे प्रकल्प त्या दिवशी चालू असतील ते पुढे चालतील, दिल्लीचा अर्जही तेच लोक करतील. जे बंद असतील ते कायमचे बंद.

विलीनीकरण आणि पुनर्रचना हे शब्द आमच्या घरात जेवताना उच्चारत नाहीत. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, आजोबांचं दरबारी खातं गेलं. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली. भोपाळला गेलेलं काही परत आल्याचं आमच्या माहितीत नाही.

पण या वेळी मी आहे.

२० सप्टेंबर

दिल्लीला पत्र. चार पानं, शाळेत सिस्टर अगाथांनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत. डुकरं आणि माणसं यांच्या ज्येष्ठताक्रमाबद्दल एक परिच्छेद फार उतरला आहे. बळवंतला वाचून दाखवला. हसता हसता त्याला ठसका लागला, बाटली रिकामी केली.

३ ऑक्टोबर

दिल्लीचं उत्तर नाही. म्हणजे गंभीरपणे वाचत असणार.

आज मात्र डोकं फिरलं आहे. गर्भलिंगनिदान रोखण्याची जी जिल्ह्याची सल्लागार समिती, तिच्यावर मी रिटायर झाल्यापासून होते. या भागात मुलींची संख्या किती कमी आहे ते सांगायला नको. सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन सरकारदरबारी नोंदलेलं हवं, नोंदलेल्या खोलीतच हवं, दाराशी पाटी हवी. मी प्रत्येक मीटिंगला जाऊन तेच ओरडत होते. आज कळलं, समितीची पुनर्रचना झाली. माझं नाव नाही. माझ्या जागी एका मॅरेज गार्डनचा मालक. वरातीचा घोडा कुठे बांधायचा हे त्याला कळतं, बाकी अंधार.

मी फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, नए लोगों को भी मौका मिलना चाहिए. मी सांगितलं, मौका क्रिकेटमध्ये देतात.

खुर्ची गेली, डोळे जागेवर आहेत. कोणाचं मशीन कुठे लपलंय ते मीच शोधून काढीन आणि मग बघू.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

सापडलं.

संस्थेत गेले होते. दौलतसिंह म्हणाला, डॉक्टर साहब पीछे हैं, टाइम लगेगा, माताजी बैठिए. मी बसले नाही. निषेध म्हणून बाहेर पडले आणि पाय मोकळे करत मागच्या गल्लीत शिरले. तिथे एक हिरवं फाटक. पाटी नाही. कोणाचं नाव नाही. आत बैठी खोली, खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला. मी विटेवर चढले.

आत सोनोग्राफीचं मशीन! पडद्यावर तेच करडं हलणारं चित्र, मी ते मीटिंगांमध्ये हजारदा पाहिलं आहे. टेबलावर हिरव्या चादरीखाली एक बाई. अवघडलेली, अगदी भरत आलेली, पोट हे एवढं. चादरीबाहेर एक पाय दिसत होता, बिचारीच्या पायाला भयंकर सूज. तोंड झाकलेलं. भोवती मास्क लावलेली दोन माणसं. कोपऱ्यात कोंडा सांडलेला, आणि वास असा की रुमाल नाकाला लावावा लागला. अशा उकिरड्यात आणतात बायकांना! एकानं माझ्याकडे पाहिलं आणि झटकन पडदा ओढला. निरपराध माणूस पडदा ओढतो का?

शरयूला न भेटताच घरी आले. कर्तव्य आधी.

१५ ऑक्टोबर

तक्रार लिहिली. म्हणजे मी सांगितली, बळवंतनं लिहिली. त्याचं हिंदी अक्षर मोत्यासारखं आहे, बिर्ला नगरच्या मिलच्या ऑफिसात उभा जन्म गेला. नकाशा मी काढला: मुख्य रस्ता, गल्ली, हिरवं फाटक, खिडकी, वीट.

बळवंत मध्येच थांबला. म्हणाला, ताई, कोंडा आणि वास म्हणतेस, जनावरांची जागा तर नसेल? शरयूला एकदा विचारून घे.

मी म्हटलं, तुझी लाळ गेली आहे, बुद्धी शाबूत ठेव. शरयूची संस्था पुढच्या रस्त्यावर आहे, संगमरवरी पायऱ्या आहेत तिला. हे गल्लीत आहे. आणि जनावराची सोनोग्राफी कोण करतं?

तो म्हणाला, तूच सांगत होतीस ना, डुकरांची.

मी म्हटलं, लिही.

त्यानं लिहिलं. पोस्टात टाकायलाही तोच गेला, बाटली गळ्यात अडकवून.

१ नोव्हेंबर

शरयूचा फोन. आवाजात उड्या. सात नंबरच्या डुकराला लाळ सुटली! शेक दिलेल्या गालातून. टोपलं पुढे आणलं की टपटप गळते, म्हणाली. मॅडम, पाहणीच्या आधी अजून दोघांवर करतोय, रिपोर्ट एकदम सॉलिड होईल. आणि परवानगी आली की पहिल्या यादीत काकांचं नाव घालीन.

बळवंतनं फोन माझ्या हातून घेतला. शेवटपर्यंत ऐकलं. मग लीलाताईंकडे गेला आणि दिवाळीच्या चकल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मला लागतील असं सांगून आला. कॅन्सरनंतर त्यानं पहिल्यांदाच कुणाकडे काही मागितलं.

माझ्या दिल्लीच्या पत्राचा परिणाम दिसू लागला आहे.

९ नोव्हेंबर

विजय! जिल्हा कार्यालयातून फोन. तक्रारीची दखल घेतली. पथक गेलं, छापा पडला, मशीन सील. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील. पेपरातही आलं आहे: कंपू में अवैध सोनोग्राफी मशीन सील.

लीलाताईंना पेढे दिले. मॅरेज गार्डनवाल्याला पेपरचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली लिहिलं, विथ बेस्ट विशेस.

बळवंतनं बातमी दोनदा वाचली. म्हणाला, ताई, पथकाला आत कोण सापडलं ते लिहिलेलं नाही यात. मी म्हटलं, पळून गेले असतील.

११ नोव्हेंबर

शरयू आली. डोळे सुजलेले. कोणीतरी तक्रार केली, तिच्या प्रयोगशाळेचं मशीन सील झालं. पुढच्या इमारतीत जनावरं आणायला मनाई, म्हणून मशीन मागच्या खोलीत हलवलं होतं. नव्या जागेच्या नोंदीचा अर्ज दिला होता, तो कुठल्यातरी टेबलावर पडलेला. तक्रारीत म्हणे लिहिलं होतं की टेबलावर गर्भवती महिला आहे, पायांना सूज आहे.

मॅडम, तो सात नंबर होता. और वो तो नर है.

मी संतापले. म्हटलं, कोण हा नतद्रष्ट? नाव काढ, मी बघते त्याच्याकडे. ती म्हणाली, नाव सांगत नाहीत.

बळवंत उठून आत पाणी प्यायला गेला. बाटली त्याच्या गळ्यातच होती.

शरयू गेल्यावर शांतपणे विचार केला. उलगडा झाला. सरकारी माणसं! मी हिरवं फाटक सांगितलं, हे भलत्याच फाटकात घुसले. माझी बाई राहिली बाजूला, धरलं डुकराला. खरे गुन्हेगार मोकळे आहेत. पायाच्या सुजेचा तेवढा योगायोग. उद्याच कार्यालयात जाऊन खडसावते.

१८ नोव्हेंबर

कार्यालयात गेले. खडसावलं. तिथल्या साहेबांनी आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, मैडम, जगह बिल्कुल वही थी. ऐसी शिकायत तो हमने आज तक नहीं देखी. इतना बढ़िया नक्शा, ईंट तक बनाई थी आपने. ईंट भी मिली.

चहा गोड होता.

१९ नोव्हेंबर

काल डोकं दुखत होतं.

मुद्देसूद पाहिलं तर चूक तिहेरी आहे. एक, संस्थेची. पाटी का लावली नाही? साधी पाटी: येथे डुक्कर आहे. दोन, सरकारची. अर्ज टेबलावर कुजवला. तीन, चादरीची. डुकराला चादर घालतात? माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यालाही तेच दिसलं असतं. किंबहुना दुसरं कोणी विटेवर चढलंच नसतं.

शरयूला सांगावं का? विचार केला. तिच्या कामात अडथळा नको.

बळवंतलाही सांगितलं नाही. रात्री लापशीत त्यानं माझ्यासाठी तूप जास्त घातलं. संतापच आला त्याचा.

२८ नोव्हेंबर

तक्रार मागे घ्यायला गेले. घेता येत नाही म्हणे. साहेब म्हणाले, एकच रस्ता. तक्रारदारानं लेखी जबाब द्यायचा की आपण पाहिली ती महिला नव्हती, डुक्कर होतं, पाहण्यात चूक झाली. मग आठवड्याभरात सील काढता येईल, पाहणीच्या आधी. नाहीतर प्रकरण कोर्टात.

म्हणजे मी, जिनं या शहराच्या तीन पिढ्यांचे पेपर तपासले, जिच्या डोळ्यांवर आजही मोतीबिंदू नाही, तिनं सहीनिशी लिहून द्यायचं की मला बाई आणि डुक्कर यांतला फरक कळला नाही. मॅरेज गार्डनवाला समितीत ते मोठ्यानं वाचणार.

मी म्हटलं, प्रकाश अपुरा होता असं लिहिते. साहेब म्हणाले, तेवढ्यानं भागणार नाही.

४ डिसेंबर

जबाबाचे मसुदे:

‘सदर प्राण्याचे रूप भ्रामक होते.’ नको.

‘चादरीमुळे प्राण्याची ओळख पटणे कोणाही सुशिक्षित व्यक्तीस अशक्य होते.’ हा बरा आहे. साहेबांना फोनवर वाचून दाखवला. म्हणाले, मैडम, बस इतना लिखिए, गलती हुई.

कुठे गल्ती हुई? दृष्टी, हेतू, कायदा, सगळं बरोबर. फक्त प्राणी चुकला.

७ डिसेंबर, दुपार

बळवंतनं मसुदे पाहिले. मी टेबलावर ठेवले होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सगळे नीट वाचले. मग म्हणाला, नको लिहूस ताई. लोक हसतील तुला. माझं काय, सवय झाली आता. लापशी काही वाईट नसते.

शेवटी घरात कुणीतरी समजूतदारपणे बोललं. मी म्हटलं, तुझंही तेच मत आहे तर थांबूया. पाहणी पुढे ढकलली जाणारच. सरकारी पाहण्या कधी वेळेवर होतात?

त्यानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

१५ डिसेंबर

पाहणी वेळेवर झाली.

भोपाळची माणसं आली. पांढरे कोट, हातात यादी. मशीनवर लाखेचं सील पाहिलं, प्रकल्पापुढे लिहिलं: बंद. शरयू फोनवर रडली नाही. म्हणाली, मॅडम, ठीक है, मला तिकडे दुसरं काम देतायत, गाठींच्या तपासणीचं. लाळेचं आता कोणी करणार नाही. काकांना सॉरी सांगा.

मी म्हटलं, त्या तक्रारदाराला मी सोडणार नाही.

ती म्हणाली, जाऊ द्या मॅडम, तुम्ही कशाला त्रास करून घेता.

१६ डिसेंबर

जबाब लिहून दिला. एका ओळीचा. महिला नव्हती, डुक्कर होतं, पाहण्यात चूक झाली. सही.

साहेबांनी वाचला. कोणी हसलं नाही. त्याची मी तयारी करून गेले होते, मोठा टोमणाही तयार होता, वाया गेला. म्हणाले, अब तो मैडम कोर्ट की तारीख पर ही खुलेगा. मार्च में देखिए.

मी म्हटलं, मार्चमध्ये मेळा संपलेला असतो. त्यांना कळलं नाही.

१ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प: भोपाळला पत्र लिहायचं नाही. आधी मसुदा नीट करायचा, मग लिहायचं.

संस्थेवरून गेले. पाटी बदलली आहे. दौलतसिंह तोच आहे, युनिफॉर्म दुसरा. म्हणाला, माताजी, सब भोपाल चला गया. मी त्याला इंग्रजीत काहीच म्हटलं नाही. सात नंबरचं काय झालं, तेही विचारलं नाही. मागच्या गल्लीत पाहिलं. हिरव्या फाटकावर आता पाटी आहे.

९ जानेवारी

बळवंत म्हणाला, मेळ्यात जाऊ. मी म्हटलं, कशाला, थंडी किती आहे. तो म्हणाला, तू वहीत लिहिलं होतंस म्हणालीस ना, यंदा मेळ्यात जायचं.

गेलो. त्यानं पापड घेतला. ताटाएवढा, गरम, वर मसाला भुरभुरलेला. बाकावर बसलो. त्यानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, माझ्या कानाशी खा.

मी म्हटलं, काय नॉनसेन्स आहे.

तो म्हणाला, आवाज ऐकू दे नुसता.

सगळ्या मेळ्यासमोर मी, रिटायर्ड व्हाइस प्रिन्सिपल, भावाच्या कानाला तोंड लावून पापड खाल्ला. अख्खा. तो डोळे मिटून बसला होता. मध्ये एकदा म्हणाला, हळू, घाई करू नकोस. शेजारच्या बाईनं पोराला ओढून पलीकडे नेलं. मसाला तिखट होता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मसाला फारच तिखट होता.

घरी येताना त्याच्यासाठी ठेवलेला चकल्यांचा डबा आता तुम्हालाच राहू द्या असं त्यानं लीलाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अजून कुरकुरीत आहेत हो.

२६ जानेवारी

जिल्हा प्रशासनाकडून सत्कार. जागरूक नागरिक. जबाब एका टेबलावर गेला, प्रशस्तिपत्र दुसऱ्या टेबलावरून निघालं. नाव गुप्त ठेवायचं ते तिसऱ्या टेबलावर राहिलं. पुनर्रचना झाली तरी टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत.

मी जाणार नव्हते. बळवंतनं माझी सिल्कची साडी काढून ठेवली, स्वतः कोट घातला. म्हणाला, पत्र मी लिहिलंय, टाळ्या मलाही ऐकायच्या आहेत.

मंचावर मॅरेज गार्डनवाल्याच्या हातून शाल, प्रशस्तिपत्र आणि तीळगुळाच्या गजकचा डबा. तो माइकवर म्हणाला, मैडम की नज़र से कोई नहीं बच सकता. टाळ्या. बळवंत पहिल्या रांगेत, बाटली मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी वाजवत होता. इतर थांबल्यावरही थोडा वेळ.

२७ जानेवारी, सकाळ

प्रशस्तिपत्र भिंतीला टेकवून ठेवलं आहे. तोंड भिंतीकडे. भिंतीचा रंग नीट नाही म्हणून.

बळवंतनं गजकचा तुकडा तोंडात ठेवला होता, विरघळतो का बघायला. बराच वेळ ठेवला. मग बशीत काढून ठेवला, होता तसाच. म्हणाला, तीळ चांगले आहेत.

भोपाळला तक्रार लिहायला बसले. तारीख घातली. विषय लिहिला: एका रुग्णाचा उपचार बंद पाडल्याबद्दल. मग ‘विरुद्ध’ असं लिहिलं आणि पुढे नाव घालायला पेन टेकवलं. शाई पसरून ठिपका मोठा झाला तरी पेन तिथेच होतं.

बळवंतनं स्वयंपाकघरातून हाक मारली. ताई, पाणी आलंय नळाला. भरून ठेव, नाहीतर जाईल.

भरून ठेवलं.